उजव्या हाताची भरलेली सिरिंज

आधी माझ्याबद्दल सांगून टाकते, म्हणजे "ही बाई तसलीच असणार" असं म्हणून कुणी मध्येच सोडून द्यायला नको. माझ्या दाराला लिंबू-मिरची नाही. सासूबाईंनी नव्या गाडीला बांधलेली काळी बाहुली मी पहिल्याच सिग्नलला काढून टाकली होती, आणि त्यावरून आमच्यात आठवडाभर अबोला होता. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी जेवताना मोबाईलवर वाचते आणि खरं सांगू? बहुतेक वेळा हसते. राग मानू नका. आज मीच लिहायला बसलेय... म्हणजे बघा काय वेळ आलीये माझ्यावर.

माझा जन्म दिल्लीचा, शिक्षण दिल्लीचं. मराठी आता घरापुरती, त्यामुळे कुठे हिंदी घुसली तर सांभाळून घ्या. गुरुग्रामच्या एका मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये मी एकोणीस वर्षं टेक्नॉलॉजिस्ट आहे, न्यूक्लियर मेडिसिनमध्ये. आमचं काम सोप्या भाषेत सांगायचं तर असं — पेशंटला अगदी थोडं किरणोत्सारी औषध टोचायचं आणि ते शरीरात कुठे कुठे जातं ते कॅमेऱ्याने बघायचं. आमचा कॅमेरा फोटो काढणारा नव्हे. त्याला माणूस दिसत नाही, फक्त औषध दिसतं. म्हणजे टोचलं तर दिसणार, नाही टोचलं तर पडदा कोरा. एकोणीस वर्षांत याला एकदाही अपवाद नाही.

आता ज्या टेस्टबद्दल सांगतेय ती. रक्ताशिवाय आपल्या अंगात अजून एक पाणी फिरत असतं, लिम्फ. पुस्तकात त्याला लसिका की काय म्हणतात. त्याच्या बारीक बारीक नळ्या असतात, मध्ये मध्ये गाठी असतात — काखेत, जांघेत, मानेत. या नळ्या तुंबल्या की हात-पाय सुजतात आणि सूज उतरता उतरत नाही. साध्या एक्सरेत या नळ्या दिसत नाहीत. म्हणून आम्ही बोटांच्या बेचक्यात औषध टोचतो, ते लिम्फबरोबर वर चढतं, आणि रस्ता कुठे खुला आहे, कुठे बंद आहे ते दिसतं. एकच हात सुजलेला असला तरी टोचतो दोन्ही हातांना. तुलना करायला चांगला हातही हवा ना.

तर गेल्या वर्षी दिवाळीनंतरचा आठवडा. बाहेर तो आपला नेहमीचा धूर, घशात खवखव. सकाळी लिस्ट बघितली तर अकराच्या स्लॉटला नाव — साळवे, मार्था. मी दीपकला, म्हणजे माझ्या ज्युनियरला, म्हटलं, "ये मेरा केस है, कोई हाथ नहीं लगाएगा."

साळवेबाई! पहाडगंजच्या मराठी शाळेत चौथी ते सातवी मला त्यांनी शिकवलं. आज मी हे जे काही मराठी लिहितेय ते त्यांच्या छडीमुळे. मूळच्या नगरच्या, लग्न होऊन दिल्लीत आल्या, आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या, करोल बागेत, दुसऱ्या मजल्यावर एकट्या. अकरा वर्षांपूर्वी डाव्या बाजूला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, डाव्या काखेतल्या गाठी काढल्या, बाई ठणठणीत बऱ्या झाल्या. पण दोन वर्षांपासून तो डावा हात सुजायला लागला होता. आता तर हात कसला, खांबच.

आल्या तेव्हा मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "उठ, उठ. आता तूच मला अंगठे धरायला लावणार आहेस." आणि ब्लाऊज दाखवला. एक बाही नेहमीची, दुसरी दुप्पट रुंद. "टेलर विचारतो, मॅडम ये कौन सा फॅशन है?" आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेर बसलेला पेशंट डोकावून गेला.

सर्जनला त्यांच्या डाव्या हातात एक बारीक ऑपरेशन करायचं होतं, तुंबलेली लिम्फची नळी शेजारच्या शिरेला जोडायची. त्यासाठी आधी नकाशा हवा, म्हणून आमच्याकडे पाठवलं होतं. उजव्या हाताची कुणाला काही काळजी नव्हती. सहा महिन्यांपूर्वीची मॅमोग्राफी ठीक, वर्षापूर्वीचा अख्ख्या अंगाचा पेट स्कॅन ठीक. उजवा हात फक्त तुलनेपुरता.

मी दोन सिरिंज भरल्या, मोजल्या, लेबल लावली — डावा, उजवा. आमच्याकडे सिरिंज दोनदा मोजतात. टोचायच्या आधी किती औषध होतं आणि टोचून झाल्यावर तळाशी किती उरलं. पण या टेस्टमध्ये पहिले फोटो लगेच सुरू करायचे असतात, त्यामुळे दुसरं मोजमाप आम्ही नंतर सावकाश करतो. भरलेल्या असोत की वापरलेल्या, सिरिंज तोवर शिशाच्या एकाच डब्यात.

आधी डावा हात. सुजलेल्या कातडीत सुई जाताना दुखतं हो. बाईंनी ओठ घट्ट मिटले, डोळ्यांत पाणी आलं. मी बोलण्यात गुंतवावं म्हणून म्हटलं, "बाई, आता इथे जरा मालिश करा." लगेच, "मालिश काय गं? चोळा म्हण. दिल्लीने पार वाट लावली तुझी." त्यावर मी काहीतरी उलट उत्तर दिलं, त्या काहीतरी बोलल्या, तेवढ्यात आतून दीपकची हाक — "मैडम, कैमरा खाली है, जल्दी!" मी डबा उचलला, ट्रॉलीवर ठेवला, बाईंचा हात धरला आणि आत घेऊन गेले.

आत झोपवलं. हातांचे पंजे आम्ही फोटोच्या बाहेर ठेवतो, कारण जिथे टोचलेलं असतं तिथे इतकं औषध असतं की बाकी काही दिसतच नाही. त्यामुळे पडद्यावर कोपरापासून छातीपर्यंतच होतं. ठिपके जमायला लागले.

डावीकडे व्हायचं तेच झालं. औषध वर चढायच्या ऐवजी कातडीत पसरलेलं, टीपकागदावर शाई सांडावी तसं. आणि उजवीकडे... उजवीकडे इतकी सुरेख रेघ! कोपरापासून दंडाच्या आतल्या बाजूने सरळ काखेत, आणि काखेत एकच टपोरा ठिपका. मी बाईंना म्हटलंसुद्धा, "बघा, तुमचा उजवा हात किती शहाणा आहे." बाई म्हणाल्या, "लिहिणारा हात आहे तो."

मध्ये मध्ये बाईंना बाहेर बसवून रबरी चेंडू दाबायला दिला, परत आत घेतलं, परत फोटो. दोन तासांत पाच सेट झाले. उजवीकडचा ठिपका दर वेळी थोडा जास्त ठळक. आमचे डॉक्टर अरोरा सर मागे येऊन उभे राहिले, चहाचा घोट घेत म्हणाले, "राइट साइड तो टेक्स्टबुक है." आणि गेले.

दीड वाजता मी हॉट लॅबमध्ये गेले. हॉट लॅब म्हणजे जिथे औषध ठेवतो, मोजतो ती खोली. डबा उघडला. डाव्या हाताची सिरिंज मोजली, तळाशी थोडं उरलेलं. लिहून घेतलं. उजव्या हाताची उचलली आणि मीटरमध्ये टाकली.

आकडा बघून मला वाटलं मशीनचं डोकं फिरलंय. काढली. परत टाकली. तोच आकडा. सकाळी भरलं होतं तेवढंच औषध. दोन तासांत ते आपोआप जेवढं कमी होतं तेवढंच फक्त कमी झालेलं. मग मी सिरिंजकडे नीट बघितलं.

सुईवर टोपी होती. औषध जसंच्या तसं. मी उजवा हात टोचलाच नव्हता.

एकोणीस वर्षांत अशी घोडचूक कधी केली नव्हती! पण चुकीचं वाईट वाटायच्या आधीच दुसरी गोष्ट डोक्यात आली. टोचलं नाही... तर मग मी दोन तास बघत काय होते?

मी धावतच बाहेर गेले. बाई वेटिंगमध्ये शांतपणे डब्यातला उपमा खात होत्या. मी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले. "बाई, माझी चूक झाली. मी तुमच्या उजव्या हाताला इंजेक्शन द्यायलाच विसरले."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "असं काय करतेस? दिलंस की. डाव्याच्या पाठोपाठ. ते तर दुखलंही नाही, गार वाटलं फक्त."

"नाही हो बाई. सिरिंज भरलेली आहे."

"अगं, मला कळत नाही होय टोचलेलं?" आणि पंजा माझ्यासमोर धरला.

मी दिव्याखाली एकेक बेचकं तपासलं. डाव्या हाताला सुईचा लाल ठिपका होता, वर मी चिकटवलेली पट्टी होती. उजव्या हाताला काही नाही. ओरखडासुद्धा नाही. बाई स्वतः चष्मा लावून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वृषाली, मला गार वाटलं होतं गं."

आता जे जे करता येतं ते सगळं मी केलं. बाईंचा गाऊन बदलला, औषध सांडलं असेल म्हणून कातडी पुसली. परत फोटो काढला. ठिपका तिथेच. बाजूने फोटो काढला. ठिपका कातडीवर नाही, आत खोल. बाईंना उठवून रिकाम्या टेबलाचा फोटो काढला — कोरा. मग उजवा पंजा कॅमेऱ्याखाली धरला. पंजा कोरा! मनगट कोरं! आणि कोपरापासून वर रेघ. म्हणजे औषध आत शिरल्याची जागाच नाही, आणि ते मधूनच सुरू झालेलं. शेवटी हातातलं छोटं मीटर आणलं, डावी बाजू शिशाच्या जाड पत्र्याने झाकली, आणि मीटर उजव्या काखेजवळ नेलं. टक टक टक टक... दीपक माझ्या शेजारी उभा होता. तो एक पाऊल मागे सरकला. "मैडम," तो म्हणाला, "ये कहाँ से आ रहा है?"

मी अरोरा सरांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. चूक लपवायचा विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही, आला होता. नोकरीचा प्रश्न होता. पण लपवून तरी काय सांगणार होते?

सर आधी भडकले. मग स्वतः सिरिंज मोजली. मग पडद्यासमोर बसले. "लेफ्ट से क्रॉस किया होगा, चेस्ट के थ्रू. होता है."

"सर, काखेपर्यंत मानलं. पण कोपर? काखेतून उलटं खाली कोपरापर्यंत कसं जाईल? आणि छातीवर तर एक ठिपका नाही."

लिम्फच्या नळ्यांना झडपा असतात, ते वरच जातं, उलटं येत नाही. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. सरांनी पडद्यावर कोपराचा भाग मोठा करून पुन्हा बघितला. मग म्हणाले, "राइट साइड इनवैलिड लिखो. चार दिन बाद रिपीट."

"सर, त्या जागेची सोनोग्राफी करून घेऊ या ना?"

"किस बेसिस पे? जो इंजेक्शन दिया ही नहीं, उसके बेसिस पे?"

"सर, मेरी टीचर हैं."

"तो क्या? तुम्हारी टीचर हैं इसलिए इनवैलिड स्कैन वैलिड हो जाएगा?"

त्यांचं चुकत नव्हतं हो. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, वर हसलेही असते. पण ते चार दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. भाजीला मीठ घातलं की नाही आठवेना. मुलीने दोनदा विचारलं, "आई, ऑल ओके?" मला ठिपक्याची भीती वाटत होती असं नाही. मला सारखं वाटत होतं की बाईंच्या उजव्या काखेत काहीतरी आहे, आणि आम्ही "इनवैलिड" लिहून ते फाईलमध्ये बंद करून टाकतोय.

चार दिवसांनी बाई परत आल्या. तोवर आधीचं औषध कधीच विरून गेलेलं असतं. तरी आधी कोरा फोटो काढला, सगळं स्वच्छ. या वेळी अरोरा सर स्वतः शेजारी उभे. दोन्ही हात टोचले. दोन्ही सिरिंज तिथल्या तिथे मोजल्या, दोन्ही रिकाम्या. सगळं नियमाप्रमाणे, एक गोष्ट इकडची तिकडे नाही.

आणि उजवीकडे रेघ आली. काखेत तीन-चार गाठी दिसल्या, छान, नॉर्मल. पण तो आधीचा टपोरा ठिपका नव्हता.

"देखा?" सर म्हणाले. "नॉर्मल. पिछली बार कुछ आर्टिफैक्ट था, भूल जाओ." आर्टिफैक्ट म्हणजे मशीनने दाखवलेली खोटी खूण. आणि त्यांनी रिपोर्ट सांगायला सुरुवात केली. मी टाईप केलं — उजवी बाजू नॉर्मल. बाई बाहेर रिक्षा बुक करायला लागल्या होत्या.

मला राहवेना. मी आधीचा फोटो उघडला, नव्यावर ठेवला, कोपर-खांदा जुळवला. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. आणि मी सरांच्या दंडाला हात लावला. एरवी कधी लावला नसता.

नव्या फोटोतल्या गाठींच्या मध्ये एक छोटी मोकळी जागा होती. एरवी कुणाचं लक्षही गेलं नसतं, गाठी काय रांगेत थोड्याच असतात. पण जुना ठिपका बरोब्बर त्या मोकळ्या जागेत बसत होता. कडेला कड.

आता हे नीट समजून घ्या. एखादी गाठ कॅन्सरने पूर्ण भरली असेल तर तिच्यात आमचं औषध शिरत नाही. जागाच उरत नाही आत. ती गाठ फोटोत दिसत नाही, ती नसल्यासारखीच वाटते. म्हणजे आम्ही रीतसर औषध टोचलं तेव्हा जी गाठ दिसली नाही, तेवढी एकच गाठ, न टोचता, दिसली होती.

सरांनी फोन उचलला आणि सोनोग्राफीवाल्यांना सांगितलं, "एक पेशंट भेज रहा हूँ. अभी. राइट एक्सिला." म्हणजे उजवी काख. मी बाहेर पळाले, बाईंना म्हटलं, "रिक्षा कॅन्सल करा."

गाठ होती. बोटाने चाचपून कळणार नाही इतकी लहान आणि खोल. सुई घालून तुकडा काढला, तपासला. कॅन्सरच निघाला. आणि तो अकरा वर्षांपूर्वीचा नव्हे, नवा, उजव्या बाजूचा, त्या एका गाठीपलीकडे अजून न पसरलेला. सर्जन म्हणाले, पुढच्या मॅमोग्राफीपर्यंत थांबलो असतो तर गोष्ट हाताबाहेर गेली असती. बाईंचं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, परत आले. आता बऱ्या आहेत. डाव्या हाताचंही बारीक ऑपरेशन झालं.

बाईंना मी सगळं सांगितलंय, काही लपवलं नाही. त्यांना काही कोडं पडलेलं नाही. "प्रभूची दया म्हण आणि गप्प बस," एवढंच म्हणाल्या. मला नाही जमत गप्प बसायला. मी ते फोटो आमच्या फिजिसिस्टला दाखवले, कंपनीच्या इंजिनियरला दाखवले, तीन दिवस कॅमेरा खोलून बसला होता तो. कॅमेऱ्यात काही दोष नाही. फोटो अजून सर्व्हरवर आहेत, वेळ, सेटिंग, सगळ्यासकट. अरोरा सर त्या विषयावर बोलत नाहीत. एकदा फक्त लिफ्टमध्ये म्हणाले, "वृषाली, किसी को पढ़ाना मत ये केस."

आणि माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळंच आहे. मला त्या चुकीबद्दल मेमो मिळाला, तो बरोबरच होता, मी सही केली. पण त्या दिवशी मी माझं काम नीट केलं असतं, दोन्ही हात आठवणीने टोचले असते, तर ती गाठ दिसलीच नसती. "उजवी बाजू नॉर्मल" असा रिपोर्ट माझ्याच हाताने टाईप झाला असता, आणि बाई खुशीत करोल बागेला गेल्या असत्या. मीच त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडलं असतं.

याचं उत्तर मला आजपर्यंत सापडलेलं नाही. तुमच्यात कुणी या लाईनचं असेल, काही सुचत असेल, तर जरूर लिहा. फक्त मशीन बिघडली असेल असं लिहू नका. ते मी स्वतःला खूप वेळा सांगून बघितलंय.